दादांच्या लोडरचे हुक

माझे वडील, आमचे दादा, इंजिनिअर होते, असं लखनौजवळ बख्शी का तालाबच्या पलीकडे आमच्या त्या गावात आजही कुणीही सांगेल. ते इंजिनिअर नव्हते. हवाई दलातली सगळी नोकरी त्यांनी भांडारात काढली. विमानाला लागणारे नट, बोल्ट, वॉशर खिडकीतून मोजून द्यायचे आणि सही घ्यायची, हे त्यांचं काम. यात कमीपणा काहीच नव्हता. पण निवृत्तीनंतर साताऱ्याला परत जायचं सोडून त्यांनी हवाई तळाजवळच जमिनीचा तुकडा घेतला, विटांचं घर बांधलं, आणि घराच्या वास्तुशांतीला आलेल्या कुणीतरी सहज विचारलं, "आप तो इंजीनियर रहे होंगे?" दादांनी मिशीवरून बोट फिरवलं आणि नाही म्हटलं नाही. एवढ्यावर माणूस इंजिनिअर होतो, हे मला पुढे पॉलिटेक्निकमध्ये तीन वर्षं घासताना फार टोचायचं.

आमच्या घरात तुच्छतेचा एक कायमचा वास होता, जसा काही घरांना हिंगाचा असतो. दादा सगळ्यांना तुच्छ मानत. गावातले लोक आळशी, लखनौ शहरातले गोडबोले, साताऱ्याचे चुलते जमिनीला चिकटलेले, आणि हवाई दलातले अधिकारी तर 'नुसते कपड्यांचे हँगर'. सकाळी चहाच्या कपाबरोबर हे सुरू व्हायचं ते रात्रीच्या बातम्यांपर्यंत. डोक्यावरून सरावाचं विमान गेलं की सगळं घर थरथरायचं, मांडणीवरची भांडी वाजायची, आणि दादा बोलायचे थांबून वर बघायचे. आवाज विरला की नेमकं जिथं सोडलं होतं तिथून पुढे सुरू. मीही त्याच घरात वाढले, तेव्हा हा गुण माझ्यातही उतरला, आणि तो मी मुख्यतः दादांवरच वापरला. आज साठीच्या उंबऱ्यावर बसून लिहितानाही तो गेलेला नाही, हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेलच.

आईची तऱ्हा निराळी. ती कुणाला नावं ठेवत नसे, फक्त स्वतःचं सोडत नसे. आमच्या भागात ज्वारी म्हणजे चरी, म्हशींचा हिरवा चारा. आई दाणे होईपर्यंत आमच्या वाफ्यातली चरी उभी ठेवायची आणि चक्कीवाल्याकडून दळून आणायची. तो प्रत्येक वेळी विचारायचा, "माताजी, भैंस के लिए?" आणि आई प्रत्येक वेळी तिच्या मोडक्या हिंदीत सांगायची, "नहीं, हमारे लिए." मग घरात भाकरी थापल्याचा तो ओला, सपसप आवाज. चुलीवर वांगं भाजलेलं, वर दाण्याचं कूट. शेजारचा रामसजीवन, ज्याची शेती आमच्या बांधाला लागून होती, कधी जेवणाच्या वेळी आला की आई त्याला भाकरीचा चतकोर द्यायची. रामसजीवन तो आदराने हातात धरून ठेवायचा आणि जाताना बहुधा म्हशीला घालायचा.

या घरात एके दिवशी लोडर आला. दादांनी तो कुठल्यातरी बंद पडलेल्या वीटभट्टीच्या लिलावातून उचलला. जुना ट्रॅक्टर, त्याच्या पुढे दोन लोखंडी हात आणि हातांच्या टोकाला रुंद बकेट. आईने बघितलं आणि म्हणाली, "हे तर केवढं मोठं सूप." तेव्हापासून घरात त्याला सूपच म्हणत, फक्त दादा बकेट म्हणत, आणि तेही 'ब' वर जोर देऊन. शेणखत भरायचं, माती ओढायची, विटांचे तुकडे उचलायचे, अशा कामांना गावात मागणी होती. ती त्यांनी बरी भागवली, हे कबूल केलं पाहिजे. पण लोकांना पुढे पुढे उचलायच्या वस्तू सुचायला लागल्या. विहिरीवरचं इंजिन, निलगिरीचे ओंडके, विजेचा पडलेला खांब. अशा वस्तू सुपात मावत नाहीत, त्या साखळीने टांगाव्या लागतात. आणि बकेटला साखळी अडकवायला जागाच नव्हती. दादा साखळी बकेटभोवती गुंडाळायचे, काथ्याच्या दोरीने आवळायचे आणि वर स्वतःचा विश्वास बांधायचे. साखळी घसरायची. एकदा ओंडका उचलल्या उचलल्या एका बाजूला सरकला आणि रामसजीवनच्या गोठ्याचं छप्पर घेऊन खाली आला. दादा म्हणाले, "ओंडका वाकडा होता."

मी तेव्हा शहरात डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. वर्कशॉपमध्ये मी एकटी मुलगी. शिक्षक मला कायम प्रॅक्टिकलची फाइल रंगवायला द्यायचे आणि वेल्डिंगची पाळी आली की म्हणायचे, "बेटा, तुम देखो." मी बघत बघत शिकले आणि मग न विचारता हातात घेतलं. त्या शिक्षकाविषयी मला फार बोलायचं नाही. त्याने स्वतः केलेला जोड हाताने वाकवला तरी निघायचा. मला या कामाची ओढ का लागली ते सांगता येत नाही. काळ्या काचेतून तो वितळलेला थेंब दिसतो, त्याच्याशिवाय जगात काही उरत नाही, आणि त्या काचेआड कुणी तुम्हाला बेटा म्हणत नाही.

घरी येऊन मी दादांना सांगितलं की बकेटला कायमचे हुक लावू. बकेटच्या पाठीच्या वरच्या कडेला, जिथं दोन हात जोडलेले आहेत बरोबर त्यांच्या रेषेत, एकेक. खाली जाड पट्टी घालायची, म्हणजे भार पातळ पत्र्यावर येणार नाही. ट्रकच्या साखळीला असतात तसले घडीव हुक घ्यायचे, ज्यांच्या खाचेत साखळीची एक कडी उभी बसते आणि पुढची आडवी अडकून राहते. दादा ऐकून घेत होते. मला वाटलं, पटतंय. मग ते म्हणाले, "अगं, पाठीमागं लावून काय उपयोग? पुढं लावले तर पोच वाढते. साधी गोष्ट आहे."

"पुढे माती कापायचं पातं आहे, दादा. ते पोलाद कडक असतं. त्यावर साधी वेल्डिंग धरल्यासारखी दिसते, पण थंड झाली की चीर जाते. आणि जितकं पुढे लटकवाल तितका ट्रॅक्टर तोंडावर पडायला बघेल."

"तुझ्या पुस्तकात असेल. मी विमानं बघितलीत."

विमानं त्यांनी खरंच बघितली होती, खिडकीतून. पण हे मी तेव्हा बोलले नाही. पुढच्या रविवारी मी मैत्रिणीकडे गेले होते तेवढ्यात दादांनी भाड्याने वेल्डिंगचं मशीन आणलं आणि हुक लावून टाकले. हुक म्हणजे घरबांधणीतली उरलेली सळई, वाकवून इंग्रजी यू सारखी केलेली. लावले कुठे, तर पात्यावर, अगदी दाराच्या कड्यांसारखे समोर. जुना रंगसुद्धा खरवडला नव्हता, त्याच्यावरच शेणाच्या गोवऱ्या थापाव्यात तशी वेल्डिंग थापली होती. आणि या सगळ्यावर निळा रंग. हवाई दलाचा तो फिकट निळा, डबा कुठून आला होता देव जाणे. मी संध्याकाळी आले तेव्हा दादा खुर्ची टाकून बकेटच्या समोर बसले होते, जसं कुणी स्वतःच्या लग्नाच्या फोटोपुढे बसेल.

गावात येणारा रस्ता एका नाल्यावरून जात होता. पावसाळ्यात तिथं पाणी कमरेला लागायचं आणि शाळेची पोरं घरी बसायची. त्या वर्षी प्रधानजींनी, म्हणजे गावच्या सरपंचांनी, खटपट करून पुलियासाठी, छोट्या पुलासाठी, सिमेंटचे दोन मोठे पाईप मिळवले. पाईप आले, रस्त्याच्या कडेला पडले, आणि ते नाल्यात खणलेल्या खंदकात उतरवायला क्रेन काही येईना. प्रधानजी आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. चांगला माणूस, पण त्यांना कुठल्याही माणसाच्या तोंडावर त्याची स्तुती केल्याशिवाय पुढचं वाक्य सुचत नसे.

"इंजीनियर साहब, अब आप ही पार लगाइए."

दादा म्हणाले, "हाँ हाँ, कल सुबह."

सकाळी अर्धं गाव नाल्यावर. बायका पदर तोंडावर घेऊन बांधावर, म्हातारे बाजेवर, आणि दादा इस्त्रीचा शर्ट घालून ट्रॅक्टरवर. रामसजीवन खंदकात उतरला होता, हातात बांबू, कारण पाईप खाली येताना त्याला ढकलून नेमक्या जागी बसवायला कुणीतरी लागतंच. दादांनी आधी पाईप जमिनीपासून हातभर उचलून बघितला. उचलला गेला. लोकांनी वाहवा केली. दादांनी पाईप खाली ठेवला, आणि साखळी सैल पडली तशी मी बकेटपाशी गेले. डाव्या हुकाच्या मुळाशी निळ्या रंगात केसासारखी रेघ उमटली होती. मी नखाने रंग उकरला. रेघ रंगातच नव्हती, खालच्या जोडात गेली होती.

"दादा, इथं चीर आहे."

"रंगाचा पोपडा असेल."

"पोपडा नाही. येऊन बघा."

ते आले नाहीत. एवढ्या लोकांसमोर खाली उतरून मुलीने दाखवलेलं बघायला जाणं, हे त्यांच्याने झालं नसतं. त्यांनी रामसजीवनला हाक मारली, "तैयार?" रामसजीवनने मान डोलावली. मी त्याला म्हटलं, "चाचा, बाहर आ जाइए, हुक टूट रहा है." तो माझ्याकडे बघून हसला, लहान मुलाकडे बघून हसतात तसं. "बिटिया, साहब खुद चला रहे हैं." एका माणसाच्या खोट्या पदवीवर दुसरा माणूस आपलं डोकं ठेवायला निघाला होता, आणि दोघांनाही त्यात काही चुकतंय असं वाटत नव्हतं. मला इतका संताप आला की मी चपला काढल्या आणि खंदकात उतरले. चिखल पोटरीपर्यंत आला. मी रामसजीवनच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि मराठीत म्हटलं, "आता उचला."

दादांचा चेहरा मला अजून दिसतो. रागाआधी त्यावर नुसता गोंधळ होता. "बाहेर ये," ते म्हणाले. मी नाही म्हटलं. रामसजीवन घाबरला. साहेबांची तरणी मुलगी चिखलात आपल्या शेजारी उभी, सगळं गाव बघतंय, हे त्याला पाईप डोक्यावर पडण्यापेक्षा भयंकर वाटलं असावं. तो बांबू टाकून भराभर वर चढला आणि वरून मला हात द्यायला लागला. बांधावर कुजबुज सुरू झाली. प्रधानजी "अरे, अरे" करत इकडून तिकडे फिरत होते.

आई तेवढ्यात चहाची किटली घेऊन आली होती. तिने किटली खाली ठेवली, ट्रॅक्टरजवळ गेली आणि आवाज न चढवता म्हणाली, "तुम्ही विमानाचे नट मोजून देत होतात. पोरगी हे काम शिकतीय. तिचं ऐका."

ती मराठीत बोलली. तिथल्या एकाही माणसाला शब्द कळला नाही, आणि दादांना प्रत्येक शब्द कळला. आई मग खंदकाच्या काठावर आली, माझा दंड धरला आणि मला वर ओढून काढलं. खंदक रिकामा झाला. शहाण्या माणसाने तिथंच थांबवलं असतं. दादांनी मात्र लिव्हर ओढला. कुणाला काय सिद्ध करून दाखवायचं होतं, त्यांनाच ठाऊक. पाईप उचलला गेला, ट्रॅक्टर सरकत खंदकावर आला, मागची चाकं हलकी झालेली मला दिसत होती. मग सुका फाटा मोडावा तसा आवाज झाला. डावा हुक निघाला, पाईप एका टोकावर लोंबकळला, उजवाही गेला. पाईप खाली गेला तो रामसजीवन जिथं उभा होता तिथंच, आणि मधोमध फुटला. चिखल उडून बांधावरच्या बायकांच्या लुगड्यांपर्यंत आला.

रामसजीवन फुटलेल्या पाईपकडे बघत उभा होता आणि त्याची बायको त्याच्या सदऱ्याची बाही धरून होती, सोडत नव्हती. दादांनी इंजिन बंद केलं. ते म्हणाले, "पाइप कच्चा था." आणि प्रधानजी, बिचारे, "हाँ, ठेकेदार ने माल ही ऐसा दिया," म्हणाले. मी घरी आले, पाय धुतले आणि त्या दिवशी दादांच्या समोर जेवायला बसले नाही. त्यांनीही हाक मारली नाही. त्यांनी रेडिओ लावला होता आणि त्यात काय चाललंय ते त्यांना नक्की ऐकू येत नव्हतं.

नवे हुक लावायला मी बकेट लखनौच्या कडेला चिनहटला न्यायचं ठरवलं. वर्गातल्या एका मुलाच्या मामाची तिथं फैजाबाद रोडला ट्रॉल्या बनवायची शेड होती. दादांना मी विचारलं नाही, सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर बकेटच्या खिळी काढून ठेवलेल्या होत्या आणि बकेट हातांपासून सुटी होती. रामसजीवनने ती त्याच्या ट्रॉलीत घातली आणि आम्ही दोघं निघालो. मामा मला बघून म्हणाले, "पापा नहीं आए? कोई भाई?" मी म्हटलं, वेल्डिंग मी करणार आहे. त्यांना हसू आलं. त्यांचा वेल्डर लग्नाला गेला होता म्हणूनच केवळ त्यांनी मला मशीन दिलं, आणि खुर्ची घेऊन तमाशा बघायला बसले. असे खुर्चीवाले मी आयुष्यात पुष्कळ बघितले. माझी स्वतःची शेड झाल्यावरही ते यायचे आणि आधी मालक कुठे आहे ते विचारायचे.

दादांची सळई मी ग्राइंडरने मुळापासून उडवली. मग पाठीची वरची कड घासली, रंग, गंज, सगळं, पोलाद चांदीसारखं उघडं पडेपर्यंत. जाड पट्ट्या कडेवरून वाकवून बसवल्या, हातांच्या रेषेत, आणि चारी बाजूंनी जोडल्या. त्यांवर घडीव हुक. वेल्डिंगच्या कांड्या आधी वाळवून घेतल्या होत्या, कारण दमट कांडी आत बुडबुडे सोडते. एक थर, मग वरची काळी खपली हातोडीने फोडायची, ब्रशने साफ करायचं, मग पुढचा थर. घाई नाही. दुपारी रामसजीवनने आईने दिलेल्या डब्यातल्या भाकऱ्या काढल्या आणि या वेळी चक्क खाल्ल्या. संध्याकाळी मामा उठले, माझ्या जोडावर त्यांनी घण मारला, पुन्हा मारला, आणि काही न बोलता आत चहा सांगितला. ते काही बोलले नाहीत हेच मला पुरेसं होतं, असं लिहायला बरं वाटेल. खरं म्हणजे त्यांनी बोलायला हवं होतं.

प्रधानजींनी फुटलेल्या पाईपच्या जागी कुठूनतरी दुसरा आणला. पुन्हा तीच सकाळ, तेच लोक, फक्त या वेळी जरा लांब उभे. बकेट पुन्हा हातांना चढली होती. मी वाट बघत होते की दादा काय सबब सांगतात. त्यांनी नेहमीचा इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते बकेटपाशी आले, चष्मा लावला, आणि दोन्ही हुक जवळून बघितले. हात लावला नाही. मग रामसजीवन बांबू घेऊन खंदकाकडे निघाला तसा दादांनी त्याच्या हातातून बांबू काढून घेतला.

"तुम हटो," ते म्हणाले. आणि मला, माझ्याकडे न बघता, "तू वर बस."

मी ट्रॅक्टरवर चढले. घरच्या अंगणात शेणखत उचलायला मी तो चालवला होता, गावासमोर कधीच नाही. दादा खंदकात उतरले. पायातले काळे बूट, जे ते रोज सकाळी ओसरीत बसून पॉलिश करायचे, चिखलात पूर्ण बुडाले. प्रधानजी धावत आले, "इंजीनियर साहब, आप क्यों?" दादांनी वर हुकांकडे बघितलं, मग बांबू छातीपाशी धरला आणि म्हणाले, "उचल."

आई बांधावर उभी होती. मी लिव्हर धरला. या माणसाला मी आजवर जे जे म्हटलं, मनात आणि मोठ्याने, त्यातलं काहीही मला तेव्हा उपयोगी पडलं नाही. मी पाईप उचलला. साखळी ताणली, कड्या खाचेत घट्ट बसल्या, आणि पाईप हवेत थोडा फिरून स्थिर झाला. मी तो दादांच्या डोक्यावरून पुढे नेला आणि बोटभर बोटभर खाली सोडत गेले. दादा बांबूने त्याला ढकलत, मध्येच दुसऱ्या हाताने डावीकडे, उजवीकडे खुणा करत होते. खुणा चुकीच्या नव्हत्या. पाईप जागेवर बसला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. "वाह, इंजीनियर साहब," प्रधानजी म्हणाले, आणि दादांनी तेही घेतलं, मान किंचित हलवून, जणू हुक त्यांनीच लावले होते. तू बरोबर होतीस, असं ते त्या दिवशी म्हणाले नाहीत आणि पुढे जगले तितकी वर्षंही म्हणाले नाहीत. रामसजीवनने वर यायला हात पुढे केला तर त्यांनी तो घेतला नाही.

"अभी दूसरा बाकी है," ते म्हणाले. चिखलात दोन पावलं पुढे गेले, दुसऱ्या पाईपच्या जागी पाठमोरे उभे राहिले आणि मला मराठीत म्हणाले, "आण पुढचा."